झान्की

झान्की ('झ' 'माझा'तल्यासारखा, जुना बौद्ध उच्चार 'झान्गी') हा लाज, शरम यांसाठीचा जपानी भाषेतला भारदस्त शब्द. चारचौघांत पाय घसरून पडलेला माणूस 'हाझुकाशी' म्हणतो. झान्की म्हणत नाही. हा शब्द जाहीर माफीनाम्यात किंवा भाषणात भेटतो, तोही बहुधा एकाच ठरलेल्या रूपात: 'झान्की नि ताएनाई', म्हणजे आपल्याच कृत्याची लाज आता सोसवत नाही.

यात 'आपल्याच' महत्त्वाचे. मे २००७ मध्ये कृषिमंत्री तोशिकात्सु मात्सुओका यांनी आत्महत्या केली, तेव्हा पंतप्रधान शिंझो आबे यांनी हेच शब्द उच्चारले. त्यांना नुसते दुःख व्यक्त करायचे होते की स्वतःकडे दोष घ्यायचा होता, यावर चर्चा झाली. 'झान्नेन' (खेद) या शब्दाशी उच्चार जवळचा असल्याने अशी गल्लत सहज होते.

शब्द दोन चिनी अक्षरांचा आहे. दोन्हींच्या डावीकडे हृदयाची खूण. उजवीकडे एकात 'कापणे', दुसऱ्यात 'भूत'. उजवे भाग मुळात उच्चारासाठी आले, पण काळजाशेजारचे ते 'कापणे' एकदा पाहिले की विसरवत नाही.

आपल्याला हा शब्द परका वाटू नये. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत ही अक्षरे संस्कृत 'ह्री' आणि 'अपत्राप्य' (पाली 'हिरी', 'ओत्तप्प') यांच्यासाठी आली. ग्रंथाग्रंथांत अर्थ थोडे बदलतात, पण रूढ भेद असा: ह्री स्वतःकडे पाहून वाटणारी, अपत्राप्य दुसऱ्यांकडे पाहून. 'जनाची नाही तर मनाची तरी' असे आपण म्हणतो, त्यातल्याच या दोन लाजा.

महायान महापरिनिर्वाण सूत्रात बापाला, बिंबिसाराला, मारणारा मगधराज अजातशत्रू पश्चात्तापाने पोळतो, अंगभर फोड येतात. आईने लावलेल्या औषधांनी ते वाढतच जातात. वैद्य जीवक मात्र म्हणतो, राजाला लाज वाटते आहे हे चांगले झाले, कारण जिला लाज नाही ती व्यक्ती माणूस नव्हे, पशू. तेराव्या शतकातला जपानी भिक्षू शिनरान याने हा उतारा आपल्या मुख्य ग्रंथात घेतला, आणि म्हातारपणी रचलेल्या पदांत स्वतःलाच 'मुझान मुगी', दोन्ही लाजा नसलेला, म्हटले. त्यातला 'मुझान' आजच्या जपानीत क्रूर, काळीज पिळवटणारे अशा अर्थाने रोज वापरला जातो.