बायपासनंतर छातीचा टाका पिकला: वरवरचं इन्फेक्शन की आतलं?

बायपास करून पेशंट घरी आला की दोन-तीन आठवड्यांत घरच्यांचा फोन येतोच, टाका पिकलाय, थोडं पाणी येतंय, कुठलं मलम लावू? मी ठाण्यात घरोघरी ड्रेसिंगला जाते, कोपरीपासून घोडबंदरपर्यंत, आणि जखम बघितल्याशिवाय मलमाचं नाव सांगत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी सुरुवातीला अगदी सारख्या दिसतात.

वरवरचं इन्फेक्शन फक्त चामडी आणि खालच्या चरबीत असतं. कड लाल होते, हात लावला तर गरम लागते, दुखते, एखाद्या टाक्यातून पू येतो, पण माणूस जेवतोय, चालतोय. सर्जन एखाददुसरा टाका उघडून पू काढतात, कुठला जंतू आहे हे कळायला तो कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये तपासायला पाठवतात, मग रोजचं ड्रेसिंग आणि गरज असेल तर गोळ्या.

आतलं मात्र भयंकर असतं. ऑपरेशनला छातीचं हाड मधोमध कापून परत स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, जंतू तिथपर्यंत आणि त्याच्याही मागे हृदयाजवळ पोचतात, आणि फसवणारी गोष्ट म्हणजे वरची चामडी कधीकधी जवळपास चांगली दिसते! म्हणून मी आधी जखम नाही, माणूस बघते. थंडी वाजून ताप, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय, जेवण जात नाही, डायबेटिस असेल तर शुगर अचानक आवरेनाशी झालीये, किंवा एकदम इतकं पाणी आलं की बनियन भिजला. आणि हाड. पेशंट खोकताना छातीवर तळहात हलका ठेवायचा, दाबायचं अजिबात नाही, आत कट-कट लागलं किंवा दोन बाजू वेगळ्या हलल्या तर हाड सुटलंय. हाड नुसतंही सुटू शकतं, पण सोबत ताप किंवा पाणी असेल तर इन्फेक्शन आत गेलंय असंच धरा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.

तिथे रक्त, ब्लड कल्चर, सीटी होतं, पण पहिल्या काही आठवड्यांत ऑपरेशनची सूज आणि इन्फेक्शन सीटीत सारखंच दिसू शकतं म्हणून डॉक्टर पेशंटला तपासूनच ठरवतात. आतलं निघालं तर परत ओटी, खराब भाग काढणं, व्हॅक मशीन (जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारं), कधी छातीचा स्नायू फिरवून खड्डा भरणं, आणि शिरेतून अँटिबायोटिक, तेही कित्येक आठवडे.

आतलं इन्फेक्शन ऑपरेशनच्या महिन्यानंतरही होऊ शकतं, म्हणून हॉस्पिटलं 90 दिवस त्याची नोंद ठेवतात. बायपाससाठी पायातून शीर काढली असेल तर ती जखमही रोज बघा.

एक कळकळीने सांगते, मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक सुरू करू नका, दोन दिवस ताप दबतो, कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि आत पू वाढत राहतो. हळद, विभूती, पावडर काही लावू नका. लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारा, रोज एकाच उजेडात फोटो काढा, आणि लाली रेघेबाहेर गेली की डिस्चार्ज कार्ड घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्याच सर्जनकडे जा.