धीर कशाच्या जोरावर धरायचा?

२६ सप्टेंबर २०२१. अमेरिकन फुटबॉलचा सामना. डेट्रॉइट लायन्स घरच्या मैदानावर १७-१६ असे पुढे होते आणि सामना संपायला काही सेकंद उरले होते. समोरच्या बाल्टिमोर संघाच्या जस्टिन टकरनं ६६ यार्डांवरून, म्हणजे साधारण ६० मीटरवरून, चेंडूला लाथ मारली. चेंडू गोलच्या आडव्या दांडीवर आपटला, वर उसळला आणि दांडीच्या पलीकडे पडला. तीन गुण. लायन्स १७-१९ हरले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या खेळाच्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत, तोवर इतक्या लांबून कोणीच फील्ड गोल केला नव्हता. चेंडू अलीकडे उसळला असता, तर तोच संघ, तेच खेळाडू आणि तीच मेहनत विजयाच्या रकान्यात गेली असती.

लायन्सनी त्या वर्षी घर पायापासून नव्यानं बांधायला घेतलं होतं. व्यवस्थापक नवा, प्रशिक्षक नवा. बारा हंगाम खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिस रॅम्सला देऊन टाकला आणि बदल्यात दुसरा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीतली एक निवड घेतली. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी. त्याच हंगामात स्टॅफर्डनं रॅम्सना हंगामाची अंतिम लढत, सुपर बोल, जिंकून दिली. चाहत्यांच्या जखमेवर याहून बारीक मीठ मिळणं अवघड.

आता प्रश्न असा, की हा संघ सुधारतोय की नुसताच हरतोय, हे बाहेरून कसं ओळखायचं? गुणतक्त्यावरून ओळखू जाल तर फसाल. समजा एक संघ खरोखर निम्मे सामने जिंकण्याच्या लायकीचा आहे आणि दुसरा दहातले चारच. १७ सामन्यांचा हंगाम आहे. सरासरीनं पहिल्याला साडेआठ विजय मिळायला हवेत, दुसऱ्याला जेमतेम सात. पण प्रत्येक सामना थोडाफार नाणेफेकीसारखा असतो, त्यामुळे दोन विजय इकडे की तिकडे हे निव्वळ योगायोगावर जातं. आकडेमोड केली तर दिसतं, की पाचातून एखाद्या हंगामात दुबळा संघच जास्त सामने जिंकून वर बसेल. त्या हंगामानंतर चांगल्या संघाचा प्रशिक्षक हाकलला जाणार आणि दुबळ्याचा हारतुरे घेणार!

यातूनच आणखी एक गंमत होते. संघ सगळ्यात वाईट खेळत असतानाच प्रशिक्षक बदलतात. वाईट काळात थोडं दुर्दैवही मिसळलेलं असतं आणि ते पुढच्या वेळी सहसा तितकं नसतं. म्हणून निकाल आपोआप सरासरीकडे सरकतात आणि श्रेय नव्या माणसाला मिळतं. नेदरलँड्समधल्या सॉकर क्लबांच्या नोंदी तपासताना बास तेर वील या अर्थशास्त्रज्ञानं अशीच घसरण झालेले, पण प्रशिक्षक न बदललेले क्लब शेजारी ठेवून पाहिले. तेही तेवढेच सावरले होते.

मग सगळा संघच बदलला तर? इथे एक साधा गुणाकार बघण्यासारखा आहे. मैदानात एका बाजूचे ११ जण असतात. त्यांच्या जोड्या किती? ५५. त्यातले तिघे बदलले, तर एकमेकांबरोबर खेळलेल्या जुन्या जोड्या उरतात २८. माणसं पाव हिश्श्याहून थोडी जास्त बदलली, ओळख मात्र निम्मी पुसली गेली. सहा जण बदलले तर उरतात फक्त १०. चेंडू फेकणाऱ्यानं हात उचलायच्या आधीच तो झेलणारा कुठे वळणार हे त्याला ठाऊक असावं लागतं, आणि ते ज्ञान जोडीत राहतं, माणसात नाही. सत्यम मुखर्जी, नोशीर कॉन्ट्रॅक्टर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये बास्केटबॉल, सॉकर, क्रिकेट, बेसबॉल आणि एका ऑनलाइन खेळाच्या नोंदी तपासून हेच दाखवलं: खेळाडूंचं वैयक्तिक कौशल्य जमेस धरल्यावरही, पूर्वी एकत्र जिंकलेली माणसं पुन्हा जिंकण्याची शक्यता वाढते. म्हणजे सगळं मोडून नव्यानं उभारणारा संघ सुरुवातीला त्याच्या कुवतीपेक्षाही वाईट दिसणार. हे अपयश नव्हे, पुनर्बांधणीची किंमत आहे.

नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, हरणाऱ्याला आधी संधी मिळते खरी. पण केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी दाखवलं, की निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच त्याच्यानंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपासच असते. एका हिऱ्यासाठी सर्वस्व लावण्यापेक्षा जास्त निवडी गाठीला बांधणं शहाणपणाचं, असं त्यावरून माझं मत झालंय.

राहिले चाहते. १९७६ मध्ये रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यापीठांत पाहिलं, की फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त घालतात. जिंकलं की ‘आपण’, हरलं की ‘ते’. क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचे चाहते मात्र या नियमात बसले नाहीत. ब्राउन्स २०१७ च्या हंगामातले सगळे १६ सामने हरले, तेव्हा जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसांनी ‘परिपूर्ण हंगामा’ची मिरवणूक काढली आणि स्टेडियमला फेरी मारून शून्याचा आकार पुरा केला. आदल्या वर्षीही बेत होता, पण २४ डिसेंबरला संघ चुकून एक सामना जिंकला आणि मिरवणूक रद्द करावी लागली!

हे वेडेपण म्हणा, पण धीर सुटणं हा तरी दुबळेपणा का मानायचा? जोसेफ मॅग्वायर आणि जोसेफ केबल या संशोधकांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. वेळापत्रकानं येणाऱ्या गाडीची वाट बघताना प्रत्येक मिनिट तिला जवळ आणतं, म्हणून थांबणं शहाणपणाचं. पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नसेल, तर जितका वेळ जातो तितकी ते येण्याची आशा कमी होते, आणि नाद सोडणंच शहाणपणाचं. म्हणजे धीर हा एक अंदाज आहे. दर दोन वर्षांनी ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणत नवी योजना आणणारा क्लब चाहत्यांना गाडीच्या फलाटावरून उठवून निरोपाची वाट बघायला बसवतो.

२०२२ मध्ये लायन्सनी पहिल्या सातांपैकी सहा सामने गमावले. पण ज्यांनी फरक मोजला त्यांना वेगळंच दिसलं: ३५-३८, २४-२८, ४५-४८, २७-३१. सहापैकी चार पराभव चार किंवा त्याहून कमी गुणांचे. उरलेल्या दहापैकी आठ सामने त्यांनी जिंकले.

१४ जानेवारी २०२४ ला डेट्रॉइटमध्ये प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचा, सामना झाला. समोर रॅम्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड. प्रेक्षक जॅरेड गॉफच्या नावाचा घोष करत होते. लायन्स २४-२३ जिंकले, १९९२ च्या जानेवारीनंतरचा प्लेऑफमधला त्यांचा हा पहिलाच विजय, तोही एका गुणानं. त्या रात्री त्या एका गुणाला कुणी नशीब म्हटलं असेल असं वाटत नाही. दोन आठवड्यांनी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ते मध्यंतराला २४-७ पुढे होते, आणि ३१-३४ हरले.