कोल्हापुरी चपलेचं जीआय: ‘अधिकृत वापरकर्ता’ नोंदणी आणि ऑनलाइन विक्रीत अर्ज कुठे अडकतात

कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक चिन्ह, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालं म्हणजे ती बनवणाऱ्या प्रत्येकाला मिळालं, असा सर्रास समज आहे. तसं नाही. जीआयचे नोंदणीकृत मालक दोन आहेत: महाराष्ट्राचं लिडकॉम (संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ) आणि कर्नाटकचं लिडकर (तिथलं चर्मोद्योग महामंडळ). कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती न करता ऑनलाइन जाहिरातीत जीआयचा लोगो टाकू नका. मालावर खोटं भौगोलिक चिन्ह लावल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद १९९९ च्या जीआय कायद्यात आहे.

पात्रता. चप्पल कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर किंवा कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत तयार झालेली हवी. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा कारागीर बसतो, पुण्यात बसून तशीच चप्पल शिवणारा बसत नाही, मग त्याचे आजोबा कोल्हापुरातल्या कापशीचे का असेनात. कायद्यातली ‘उत्पादक’ ही व्याख्या मालाचा व्यापार करणाऱ्यालाही सामावून घेते. पण दुकानदाराने अर्जात स्वतःला कारागीर म्हणवू नये. जे करता तेच लिहा.

अर्ज. फॉर्म जीआय-३, शुल्क १० रुपये. हो, दहाच. ‘करून देतो’ म्हणणारा एजंट हजारांत मागत असेल, तर ते शुल्क नाही, त्याची मजुरी आहे. अर्ज चेन्नईच्या गिंडी इथल्या जीआय रजिस्ट्रीकडे जातो.

‘महामंडळाची सही आणा, मग बघू’ हे उत्तर अजूनही ऐकू येतं. मालकासोबत संयुक्त अर्ज करण्याची अट २०२० च्या नियमदुरुस्तीत गेली. अर्ज उत्पादक एकटा करतो. मात्र अर्जाची प्रत मालकाला पाठवायची आणि तसं रजिस्ट्रीला कळवायचं. नोंदणीकृत डाकेने पाठवा, पोचपावती जपा. ही एक पावती नसल्याने फाइल पडून राहते.

खरी अडचण: तुम्हीच बनवता याचा पुरावा. अर्जासोबत निवेदन आणि प्रतिज्ञापत्र लागतं. बहुतेक जण दुसऱ्याचा मसुदा उतरवून ‘मी पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपलेचा उत्पादक आहे’ एवढंच लिहितात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. चामडं कुठून घेता, ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं आहे का, तळ, पट्टा, कान, अंगठा यांतलं काय स्वतः कापता आणि काय तयार आणता, शिवण चामड्याच्या वादीची आहे का, महिन्याला साधारण किती जोड होतात, हे लिहा. कामाच्या टप्प्यांचे फोटो जोडा.

चामडं रोखीने घेतलं जातं, बिल कोणाकडेच नसतं. मागच्या तारखेची बिलं बनवू नका. ती लगेच ओळखू येतात. आजपासून निदान काही खरेदी यूपीआयने करा, व्यापाऱ्याकडून साधी पावती घ्या. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा दाखला, कारागीर ओळखपत्र आणि उद्यम (लघुउद्योग नोंदणी) प्रमाणपत्राचाही आधार होतो. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. फक्त तिथे ‘व्यापार’ न निवडता उत्पादन निवडा (एनआयसी, म्हणजे उद्योगाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, १५२०१).

बायकांच्या अर्जांचं दुखणं वेगळं. वेणी आणि शिवणकाम त्यांच्या हातचं, पण दाखला, बिल, बँक खातं सगळं नवऱ्याच्या नावावर. दाखला घेतानाच त्यात स्वतःचं नाव आणि काम लिहून घ्या.

मुदत. अर्ज तपासून रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हरकतीसाठी तीन महिने असतात आणि ते एक महिन्याने वाढू शकतात. म्हणून दिवाळीच्या विक्रीसाठी श्रावणात अर्ज करून भागत नाही. नोंदणी दहा वर्षांची किंवा मूळ जीआयची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल ते. दहा वर्षं बोटांवर न मोजता प्रमाणपत्रावरची तारीख पाहा.

ऑनलाइन विक्री आणि जीएसटी. ‘वर्षाला ४० लाखांखालच्या उलाढालीला जीएसटी लागत नाही’ यावर विसंबून मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर खातं उघडायला गेलेले तिथेच अडकतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला तिथे नोंदणीविना माल विकता येतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात, आणि त्यासाठी पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कोल्हापुरातून त्या बाजारपेठेवर हैदराबादला एक जोड विकायचा असला तरी पूर्ण जीएसटी नोंदणी लागते.

हस्तकलेच्या आंतरराज्य विक्रीला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून जी सूट आहे, ती या बाजारपेठांवरच्या विक्रीला धरू नका. स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन विकत असाल, तर आपल्या वस्तूचा एचएसएन (जीएसटीतला वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) सवलतीच्या यादीत आहे का हे करसल्लागाराकडून आधी तपासून घ्या. सूट घेतली तर परराज्यात जाणाऱ्या प्रत्येक खेपेला ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन पावती) लागतं, माल पाचशे रुपयांचा असला तरी.