क्षारता कमी की अल्कलिनिटी कमी? नव्या खाऱ्या टाकीतली गफलत

भूगोलात आपण 'सागरजलाची क्षारता' शिकतो. तिथे क्षारता म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पुढे रसायनशास्त्रात आम्ल आणि अल्क येतात, आणि अल्कालाही बरेच जण सर्रास क्षारच म्हणतात. मासे किंवा प्रवाळ ठेवायला खाऱ्या पाण्याची टाकी लावली की हे दोन क्षार एकमेकांच्या पायात येतात. अल्कलिनिटीची टेस्ट कमी आली की डोक्यात 'क्षारता कमी' असं उमटतं आणि हात मिठाच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. मगभर मीठ ओतलं. दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी होती तिथेच म्हणावी इतपत हलली होती, पाणी मात्र भलतंच खारट. तेव्हापासून मी खारेपणालाच क्षारता म्हणतो आणि दुसरीचं भाषांतर करायच्या फंदात पडत नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड, पावणेअकरा ग्रॅम सोडियम. बायकार्बोनेट किती? जेमतेम ०.१४ ग्रॅम. अल्कलिनिटीचा बहुतेक कारभार या चिमटीवर चालतो. पाण्यात आम्ल आलं तर पीएच कोसळू न देता ते किती पचवता येईल, याचा तो साठा. समुद्रात अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (हे तिचं माप) आसपास असते. प्रवाळाच्या टाकीत अनेक जण ८ ते ९ ठेवतात. म्हणजे क्षारता हे सगळं पोतं, आणि अल्कलिनिटी त्यातल्या एका पुडीचा हिशोब. ती पुडी अर्धी झाली तरी पोत्याच्या वजनात फरक कळणार नाही.

टाकी सायकल होत असताना, म्हणजे नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू वसत असताना, नेमकी हीच पुडी रिकामी होते. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, एवढं सगळ्यांना पाठ असतं. या कामात आम्लही तयार होतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमोनियाच्या रूपातला प्रतिलिटर १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत पोचला की अंदाजे ०.४ डीकेएच खर्च होतो. जिवाणूंना खाद्य म्हणून असे अमोनियाचे २ मिलिग्रॅमचे चार डोस दिले तर ३.२ डीकेएच गेला. ८ वर सुरू केलेली टाकी महिनाभरात ५ च्या खाली दिसते आणि नवखा माणूस मीठ बनवणाऱ्याला शिव्या घालतो. वास्तविक जिवाणू काम करताहेत याचाच तो पुरावा. क्षारता मापणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला मात्र यातलं काही दिसत नाही. बायकार्बोनेट गेलं, त्याच्या जागी नायट्रेट आलं, रेघ ३५ वर तशीच.

क्षारतेची चाल उलटी. तिला वर ढकलतं ते बाष्पीभवन, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. १०० लिटरमधलं १० लिटर उडालं तर ३५ ची क्षारता ३९ च्या जवळ जाते. अशा वेळी भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. 'खाऱ्या टाकीत खारं पाणी' या सरळ वाटणाऱ्या हिशोबाने ते १० लिटर मिठाचंच घातलं तर टाकी ३८.५ वर थांबते, आणि पुढच्या खेपेला ४२ वर. (झाकणाच्या कडेला जमणारी पांढरी खरड हेही टाकीतलंच मीठ, पण ते फार थोडं असतं.)

मापायची साधनंही वेगळी. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, मग उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचा. ३५ च्या प्रमाणित द्रावणावर तो लावून घेतलेला नसेल तर वाचन फसवं येऊ शकतं. क्षारता दाखवणाऱ्या काट्याच्या हायड्रोमीटरवर माझा फारसा विश्वास नाही. काट्याला एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा फुगतो. अल्कलिनिटीसाठी थेंब मोजायचे. नेहमीच्या किटमध्ये टाकीचं पाणी निळं होतं, आणि एकेक थेंब टाकून हलवत गेलं की एका थेंबाला ते पिवळं पडतं. तो कितवा थेंब, त्यावर आकडा. हलवायचा कंटाळा केला तर एखादा थेंब जास्तीचा मोजला जातो.

पीएच ही आणखी तिसरीच भानगड. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचला तर पीएच उतरतो, पण अल्कलिनिटी जागची हलत नाही. तेव्हा खिडकी उघडा, सोडा ओतू नका.

अल्कलिनिटी खरोखर कमी असेल तर खायचा सोडा पुरतो. १०० लिटरला सुमारे ३ ग्रॅमने १ डीकेएच वाढते. आधी आरओच्या पाण्यात विरघळवायचा आणि प्रवाह जोरात असेल तिथे सावकाश सोडायचा. प्रवाळ असलेल्या टाकीत दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. सायकल चालू असलेल्या रिकाम्या टाकीत एवढी घाई-गर्दीची भीती नसते.

दोन्ही आकडे बिघडलेले असतील तर आधी क्षारता. ३८.५ ची टाकी ३५ वर आणायला थोडं खारं पाणी काढून साधं पाणी घालावं लागतं, आणि त्या साध्या पाण्याने अल्कलिनिटीही पातळ होते. सोडा आधी टाकलात तर त्यातला काही तुमच्याच बादलीतून मोरीत जाईल. पाणी नीट मिसळू द्या, मग थेंब मोजायला बसा.