लांब उडीपटूची कारकीर्द

ऑलिंपिक गाठणाऱ्या लांब उडीपटूमागे दहा-पंधरा वर्षांची मेहनत असते. तिचा निकाल मात्र २० सेंमी. रुंदीच्या उड्डाण फळीवर लागतो. धावत येऊन फळीवरून एका पायाने उसळी घ्यायची आणि वाळूच्या खड्ड्यात उतरायचे. फळीची पुढची कड ओलांडली की पंचाचा लाल झेंडा वर जातो. माप त्याच कडेपासून वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत घेतात. त्यामुळे पाऊल चार बोटे मागे पडले तर तेवढी उडी वाया जाते, आणि पडताना हात मागे टेकला तरी माप घटते.

भारतात टी. सी. योहानन याने १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मी. उडी मारून सुवर्णपदक मिळवले. तो राष्ट्रीय विक्रम जवळपास तीस वर्षे टिकला. पण या खेळाचा कठोरपणा अंजू बॉबी जॉर्ज हिच्या कारकिर्दीत जास्त दिसतो. २००३ मध्ये पॅरिसला ६.७० मी. उडीवर तिला कांस्य मिळाले, जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेतले भारताचे पहिले पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने ६.८३ मी. असा राष्ट्रीय विक्रम केला, तरी पदक हुकले. २००८ साली बीजिंगमध्ये तिचे तिन्ही प्रयत्न फाउल ठरले. एवढ्या मोठ्या खेळाडूच्या नावापुढे त्या दिवशी एकही माप लागले नाही.

मुंबईत उडीपटूला वाऱ्याशीही जुळवून घ्यावे लागते. मरीन लाइन्सचे विद्यापीठ मैदान असो की नेपियन सी रोडचे प्रियदर्शिनी पार्क, दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो. तो पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जोरात असेल तर विक्रम धरत नाहीत. शिवाय पाठीवरच्या वाऱ्याने पावले लांबतात, म्हणून टेपने मोजून ठेवलेली धावेची खूण मागे सरकवावी लागते. पावसाळ्यात भिजलेली वाळू दगडासारखी घट्ट होते. तेव्हा ती खणून मोकळी केल्याशिवाय कोणी उडी मारू नये.

पोटापाण्याचा मोठा आधार म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, विशेषतः रेल्वेतली. तिशीच्या आसपास उसळी घेणाऱ्या पायाचा गुडघा किंवा टाच कुरकुरू लागते. निवृत्तीनंतर अनेक जण दिवसा ड्यूटी करून संध्याकाळी ग्राउंडवर ‘सर’ होतात. असे सर खड्ड्याकडे फारसे बघत नाहीत. फळीपाशी उकिडवे बसून ते पाहतात, शेवटून दुसरे पाऊल लांब आणि शेवटचे आखूड पडते की नाही.