कार्डावर टिग, हातात होल्डर

दोन इंची पाइप, भिंत जाड, ४५ अंशात तिरका बांधलेला. तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच वाकून, मान मोडून त्याच्याभोवती फिरायचं. ही ६जी टेस्ट, आणि ही पास झाली की पोझिशनचा प्रश्नच मिटतो, सपाट, उभं, डोक्यावरचं सगळं चालतं. मग पोरांना वाटतं आता काहीही वेल्ड करायला मोकळे. तसं नाही ना! पोझिशन सुटली तरी प्रोसेस, म्हणजे वेल्डिंगची पद्धत (टिग, आर्क, मिग), सुटत नाही. टेस्ट टिगवर दिली असेल तर टिगच, होल्डरमधला आर्कचा रॉड त्या कार्डावर (पास झाल्यावर मिळतं ते) धरता येत नाही.

आता लोखंड तेच, मग एवढा फरक का? टिगमध्ये टंगस्टनची सुई वितळत नाही (तिला वितळायला ३४०० अंशांच्या वर लागतं), ती फक्त उष्णता देते, फिलर, म्हणजे भरायची तार, दुसऱ्या हाताने, हवी तेवढी, आणि वितळलेल्या धातूच्या डबक्यावर आरगॉन वायूचं पांघरूण. स्लॅग (वर जमणारी खरपुडी) नाही, म्हणून रूट, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, आतून स्वच्छ येतो. पण जरा वारा सुटला की ते पांघरूण उडून जातं आणि पोरोसिटी, म्हणजे वेल्डमध्ये छिद्रं. आर्कमध्ये रॉडच वितळतो, त्याच्यावरचा लेप जळून स्वतःचा गॅस आणि स्लॅग तयार करतो, त्यामुळे उघड्यावर तो जास्त तग धरतो, पण रॉड सतत आखूड होत जातो आणि हाताने त्याच हिशोबाने खाली सरकत राहावं लागतं. ही दोन वेगळी कसबं आहेत.

मिगची, म्हणजे जिथे वायर मशीनमधून आपोआप सरकत येते तिची, गोष्ट अजून मजेशीर आहे. कमी करंटवर वायर डबक्याला टेकते, शॉर्ट होते, तुटते, पुन्हा टेकते, सेकंदाला २० ते २०० वेळा. उष्णता इतकी कमी की कधी कधी वितळलेला धातू कडेवर नुसता जाऊन बसतो, कड वितळतच नाही. वरून बघाल तर झकास. एक्सरेतही बऱ्याचदा दिसत नाही, कारण एक्सरेला जाडीतला फरक दिसतो आणि इथे दोन थर एकमेकांना नुसते चिकटून असतात, मध्ये फट जवळजवळ नसतेच. म्हणून एएसएमई सेक्शन ९ या वेल्डर टेस्टच्या अमेरिकी कोडमध्ये अशा शॉर्ट-सर्किट मिगला वेल्डर टेस्टसाठी एक्सरे चालत नाही, पट्टी कापून वाकवायचीच. बेंडमध्ये ३ मिमीपेक्षा मोठं तोंड उघडलं की फेल.

मग टेस्टसाठी प्रोसेस निवडायची कशी? 'हात बसलाय ती घे' असं सगळे सांगतात, मला ते अर्धवट वाटतं. आधी साइटवर काय चालणार ते विचारा. पायपिंगच्या कामात बहुतेक ठिकाणी रूट टिगने आणि वरचे पास (थर) ७०१८ या आर्कच्या रॉडने, म्हणून टेस्टही तशीच मिश्र द्यावी. पण इथे एक हिशोब असतो जो फार कमी जण करतात. टेस्टच्या त्या दोन इंची पाइपची भिंत साधारण ११ मिमी. रूट ३ मिमी टिगने, बाकी ८ आर्कने, तर कार्डावर टिग ६ मिमीपर्यंत आणि आर्क १६ पर्यंत, म्हणजे ज्या प्रोसेसने जेवढं भरलं त्याच्या दुप्पट (१३ किंवा जास्त भरलं आणि किमान तीन थर असले तर जाडीची मर्यादाच जाते). शिवाय आर्कने इथे टिगच्या रूटवर भरलंय, मागे आधार होता, म्हणून उघड्या गॅपवर रॉडने रूट मारायला हे कार्ड चालणार नाही. पूर्ण पाइप टिगनेच भरला तर टिग २२ पर्यंत मिळते, पण मग आर्क शून्य, आणि टिगने ११ मिमी भरत बसायला वेळ किती जातो ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

अजून एक, सहा महिने ती प्रोसेस हातात आलीच नाही तर त्या प्रोसेसचं क्वालिफिकेशन संपतं. हौसेने मिग घेऊन ठेवली आणि साइटवर मिगचं मशीनच नसेल तर ती अशीच जाते. परत मिळवायला मात्र ६जीच लागते असं नाही, त्याच प्रोसेसने एक कूपन (टेस्टचा तुकडा), कुठल्याही पोझिशनमध्ये, साधी प्लेटसुद्धा चालते.