कपडे धुण्याचे डिटर्जंट आणि त्वचा
कपडे धुवायच्या पावडरी, वड्या नि लिक्विड यांचा त्वचेवर होणारा परिणाम. भारतात सर्फ १९५९ ला आला, निर्मा १९६९ ला अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केली, त्याआधी साबणाची वडी, धुण्याचा सोडा आणि रिठा.

त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच (आम्ल-क्षार मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर क्षार) साधारण ५ च्या आसपास, आणि पावडरीच्या पाण्याचा १० च्या वर. कापडावरचा तेलकटपणा जसा सुटतो तसंच हातावरचं तेलही जातं, म्हणून रोज बादलीत हात घालून कपडे चोळणाऱ्या बाईच्या बोटांची पेरं आधी कोरडी पडतात, मग भेगा, आणि अंगठीखाली फेस अडकून राहिला की नेमका तिथंच लाल चट्टा येतो. ही ॲलर्जी नव्हे, नुसता दाह, आणि खरा त्रास मुख्यतः इथेच आहे.

'धोबी इच' या नावाचा घोळ मात्र मोठा आहे. ब्रिटिश काळात भारतातले गोरे लोक जांघेतल्या नायट्याला हे नाव द्यायचे, धोब्याच्या कपड्यांतून तो येतो अशी त्यांची समजूत असावी, पण तो बुरशीचा रोग आहे, साबणाशी संबंध नाही. दुसरीकडे १९४३ ला लिव्हिंगूड वगैरे अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी 'धोबी मार्क' त्वचादाहाचं वर्णन केलं: इथले धोबी कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे आणि सैनिकांना बरोब्बर त्या खुणेखालीच खाज सुटून फोड यायचे. आपल्याकडे बिब्बा उतणं सगळ्यांना माहीत आहे, तेच हे. दोन्ही गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात हे जास्त पटतं.

धुतलेल्या कपड्यांमुळे ॲलर्जी होते असं सर्रास म्हणतात, पण २००२ ला छापून आलेल्या एका अनेक केंद्रांवरच्या अभ्यासात ७३८ रुग्णांची डिटर्जंटने पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून ॲलर्जी तपासणं) केली तेव्हा फक्त ५ जणांना, म्हणजे ०.७ टक्क्यांना, प्रतिक्रिया आली. डाग काढायला डिटर्जंटमध्ये घालतात त्या एन्झाइमची बदनामीही बहुतेक १९६९ च्या सुमारास कारखान्यातल्या कामगारांना झालेल्या दम्यामुळे, ती भुकटी श्वासातून गेली होती, नंतर एन्झाइमचे दाणे लेप देऊन बनवायला लागले. संशय घ्यायचाच तर सुवास आणि लिक्विडमधल्या मिथाइलआयसोथायझोलिनोनसारख्या प्रिझर्व्हेटिव्हवर (खराब होऊ नये म्हणून घातलेल्या रसायनावर) घ्यावा.

हातांसाठी रबरी मोजे वापरतात, पण आत घाम साचून खाज वाढते, त्यामुळे आतून पातळ सुती मोजे घालावेत आणि धुणं झाल्यावर हात कोरडे करून लगेच खोबरेल किंवा व्हॅसलिन लावावं.